इंजिन ठणठणीत, गाडी बंद: मालवण किनाऱ्यावरच्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. अपघातात, पुरात, झाड पडून गाडीचं काय आणि किती गेलं हे बघून अहवाल द्यायचा, हे माझं काम. त्यामुळे लोक गाडी घेतल्यावर मला फोन करतात. घेण्याआधी फारसं कुणी करत नाही. पुढचं प्रकरण असंच घेतल्यानंतरच्या फोनचं आहे. मालकांची परवानगी घेतली आहे, पण त्यांचं, गावाचं आणि गाडीच्या कंपनीचं नाव देत नाही. त्यांना मी मास्तर म्हणेन, ते आहेतच शिक्षक.

पार्श्वभूमी

मालवण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. घरात मास्तर, त्यांची बायको, नववीतली मुलगी आणि आई. मोठा मुलगा पुण्याला शिकायला. 2021 च्या अखेरीस आईंना डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर, तिथे चार तास. सुरुवातीला एसटी आणि रिक्षा करून पाहिली. डायलिसिसनंतर आईंना उभं राहणं जमेना. मग गावातली भाड्याची गाडी, फेरीला चौदाशे रुपये. महिन्याला आठ फेऱ्या धरल्या तर 11,200. घराचा हप्ता आणि मुलाचं पुण्याचं भाडं भागवून हे परवडणारं नव्हतं, म्हणून जुनी गाडी घ्यायचं ठरलं.

म्हणजे गाडीकडून अपेक्षा अगदी मोजकी होती. वेग नको, ऐट नको, एसी चालला तर ठीक. सोमवारी सकाळी निघाली पाहिजे आणि रात्री घरी पोचली पाहिजे.

खरेदीचा दिवस

मार्च 2022. शेजारच्या तालुक्यातल्या एका एजंटाकडे नोव्हेंबर 2009 ची पेट्रोल हॅचबॅक होती. एमएच 08, म्हणजे रत्नागिरी पासिंग. एकच मालक, मीटरवर 71 हजार. सर्व्हिस बुकात शेवटची नोंद डिसेंबर 2018 ची, 68,400 किलोमीटरवर. मीटर मागे घेतल्याचा संशय यायला जागा नव्हती. चारही टायर नवे, सीट कव्हर नवं, आत सुगंधी डबी. सौदा 1,35,000 ला झाला.

मास्तर डोळे झाकून गेले नव्हते. ओळखीच्या मेस्त्र्यांना बरोबर नेलं होतं, आणि मेस्त्री प्रामाणिक माणूस. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढून पाहिलं, धूर पाहिला, रेडिएटरचं पाणी पाहिलं, क्लच-गियर पाहिले, महामार्गावर कणकवलीकडे दहा किलोमीटर फिरवली. "इंजिन ठणठणीत आसा, घेवा," म्हणाले. ते खरंच होतं. आजही आहे.

पण त्या पाऊण तासात जे पाहिलं गेलं ते सगळं बॉनेटखालचं. सीटखालची चटई कुणी उचलली नाही, गाडी जॅकवर घेऊन खाली कुणी वाकलं नाही. आणि महिना होता मार्च. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मार्चमध्ये पाहिलेल्या गाडीची अर्धी परीक्षा व्हायचीच असते.

पहिला निर्णयाचा क्षण हा. मास्तरांनी कागदपत्रंही पाहिली होती: आरसी, विमा, कर्जाचा बोजा नाही. विम्यात क्लेमची नोंद नाही, म्हणजे मोठा अपघात नाही, असं एजंटाने सांगितलं आणि ते पटण्यासारखं होतं. इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. दहा-बारा वर्षांच्या गाडीला बहुतेक लोक फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. ती गाडी पुरात बुडाली तर मालकाला काही मिळत नाही, म्हणून तो क्लेम करत नाही, म्हणून आमच्यातला कुणी ती बघायला जात नाही, म्हणून कुठे नोंद होत नाही. कोरं रेकॉर्ड म्हणजे गाडी कोरडी राहिली असा अर्थ होत नाही. या गाडीलाही 2017 पासून थर्ड पार्टीच होता.

अडचण

एप्रिल-मे छान गेले. दोन महिन्यांत सोळा-सतरा फेऱ्या झाल्या, एकदाही तक्रार नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस धरल्यावर चार दिवसांनी, कसालच्या अलीकडे एका चढाला गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. सेल्फ मारला तर इंजिन फिरत होतं, पेट घेत नव्हतं. वीस मिनिटांनी काही न करता चालू झाली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. गावातल्या गॅरेजात बॅटरी बदलली, 4,300 रुपये. जुनी बॅटरी मोजून कुणी पाहिली नाही. सेल्फ जोरात फिरत असताना बॅटरी का बदलायची, हा प्रश्न मास्तरांना तेव्हा पडला नाही. मला फोनवर ऐकताना पडला.

मग स्पार्क प्लग आणि कॉइल, 3,800. फरक नाही. जुलैच्या मध्याला कुडाळला दुसऱ्या गॅरेजात दाखवली. त्यांनी पेट्रोलचं प्रेशर मोजलं, कमी भरलं, आणि टाकीतला पंप बदलला. फिल्टरसकट 6,400. आणि गाडी सुधारली. सहा आठवडे एकदाही बंद पडली नाही. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मास्तरांनी गॅरेजवाल्याला नारळ नेऊन दिले.

हे सहा आठवडे या प्रकरणातला सगळ्यात महागडा काळ. सुधारणा खरी असल्यामुळे निदानही खरं वाटलं, आणि शोध थांबला.

2022 ची चतुर्थी 31 ऑगस्टला होती. तिच्या आधीच्या सोमवारी, म्हणजे 29 तारखेला, आईंना घेऊन परतताना रात्री साडेआठला खाडीवरच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. धो धो पाऊस, मोबाइलला रेंज नाही, मागच्या सीटवर आई. या वेळी वीस मिनिटांनी चालू झाली नाही, चाळीस मिनिटांनीही नाही. तासाभराने एक मासळीचा टेम्पो आला, त्याने टोचन करून घरापर्यंत आणली. आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गणपतीची माटी (मूर्तीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधताना म्हणाल्या, "माका यष्टीनच ने. ती तरी दिसता तशी आसा."

पर्याय

चतुर्थीनंतर मास्तरांच्या मेहुण्याने मला फोन जोडून दिला. तोवर मास्तरांसमोर चार रस्ते होते आणि त्यांनी ते वहीत लिहून ठेवले होते, शिक्षकाच्या अक्षरात.

एक, गाडी विकून टाकायची. तोच एजंट 85 हजार द्यायला तयार होता. पाऊस संपला की लाखालाही जाईल, असंही म्हणाला. म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळलं. मास्तरांचं मन इथे खूप डळमळलं होतं. गाडी मार्चमध्ये सुरळीत चालते हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. फक्त पुढच्या मार्चपर्यंत थांबायचं आणि काही बोलायचं नाही. आई तिथेच बसल्या होत्या. "आपल्या गळ्यात इली ती दुसऱ्याच्या गळ्यात कशाक बांधतंस?" त्या वाक्यानंतर हा पर्याय वहीत राहिला तरी घरात त्याची चर्चा झाली नाही.

दोन, गाडीचा ईसीएम, म्हणजे मुख्य कंट्रोल युनिट, बदलायचं. तिसऱ्या एका गॅरेजचं हे मत. जुना, दुसऱ्या गाडीतून काढलेला ईसीएम 18 हजारांना. हमी नाही. बसवून चालला नाही तर पैसे परत नाहीत.

तीन, एजंटाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जायचं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे वेळ होता. पण दिलेल्या कागदावर "जशी आहे तशी" असं लिहून मास्तरांची सही होती, अर्धी रक्कम रोख गेली होती आणि पाच महिन्यांत तीन गॅरेजांनी हात घातला होता. दोष आधीपासूनचा होता हे दाखवणार कसं?

चार, भाड्याची गाडी पुन्हा सुरू करायची, ही गाडी आठवडाभर उभी करून आतून पूर्ण उघडायची आणि सापडेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही.

मी चौथ्याच्या बाजूचा होतो, आणि कारण एका मुलीने दिलं होतं. मास्तर फोनवर सगळी हकिकत सांगत असताना मागून मुलगी म्हणाली, "बाबा, इंडिकेटरचं पण सांगा ना." रात्री गाडी घरी आली की बेडं, म्हणजे अंगणाचं फाटक, उघडायला तीच जाते. तिने एप्रिलपासून पाहिलं होतं की गाडीचा डावा इंडिकेटर लागला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर मिणमिणतो, आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो. गंमत म्हणून ती ते दोनदा बोललीही होती.

एका दिव्याचं दुसऱ्याला कळतंय याचा अर्थ दोघांची परतीची वाट अडली आहे. गाडीत बॅटरीची ऋण बाजू पत्र्याला जोडलेली असते. प्रत्येक दिवा, मोटर, पंप आपला करंट वापरून पत्र्यामार्फत परत पाठवतो. ज्या बोल्टने ती वायर पत्र्याला कसलेली असते त्याला आपल्याकडे अर्थ म्हणतात. त्या बोल्टखाली गंज धरला की करंटला वाट मिळत नाही आणि तो शेजारच्या दिव्यातून वाट काढतो. आणि या गाडीत मागचे दिवे आणि पेट्रोलचा पंप एकाच अर्थावर होते.

मग सगळं जुळत गेलं. चढाला इंजिन जास्त पेट्रोल मागतं, तेव्हाच पंप कमी पडतो. पावसात आणि रात्री दिवे चालू असतात, म्हणजे त्याच बोल्टवर आणखी भार. गंजलेला सांधा भाराने तापतो, ढिला पडतो, थंड झाला की पुन्हा धरतो. वीस मिनिटांचा हिशेब हाच. हे मी फोनवर सांगितलं खरं, पण अंदाज म्हणून. याआधीचे तीन अंदाज किती आत्मविश्वासाने सांगितले गेले होते ते मी ऐकलं होतं.

काय केलं

कणकवलीकडचे एक जुने वायरमन आहेत, ट्रक आणि एसी बसचं काम करतात. मी त्यांचं नाव सुचवलं. ते मल्टिमीटर घेऊन मास्तरांच्या अंगणात आले. मी दुसऱ्या कामाला मालवणला होतो म्हणून तिथे थांबलो.

त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लांब वायरीने जोडली, दुसरी पंपाच्या अर्थाच्या वायरीत टोचली, आणि गाडी चालू करायला सांगितली. या दोन टोकांत फरक जवळजवळ नसावा, फार तर एक-दोन दशांश व्होल्ट. मीटरवर 0.9 आलं. दिवे लावले, 1.6. मास्तरांना ब्रेक दाबून धरायला सांगितलं, 2.4. म्हणजे बारा-तेरा व्होल्टवर चालायच्या पंपाला दहाच्या आसपास मिळत होते, तेही गाडी उभी असताना. नवा पंप आणि जुना पंप दोघांची उपासमार सारखीच.

"मास्तरानू," वायरमन म्हणाले, "पंप बदलल्यार गाडी चलली ती पंपान नाय. सीट काढताना वायर ओढली, अर्थाचो बोल्ट हाललो, म्हणान चलली."

मग मागची सीट काढली, डाव्या बाजूच्या, दाराखालच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिक पट्टी काढली आणि चटई उचलली. खालचा जाड नमदा पिळला तर पाणी येत होतं. नमद्याखाली पत्र्याच्या खाचांमध्ये गाळ बसला होता. मी तो बोटाने उचलून पाहिला. आपल्या अंगणातली माती जांभ्याची, लाल, खरखरीत. हा गाळ करडा होता आणि चिमटीत घेतला तर पिठासारखा. तो चपलांनी आत आलेला नव्हता.

मी पुढच्या सीटचा पट्टा धरून ओढायला लागलो. रोज आपण तो हातभर-दोन हात ओढतो. मी शेवटपर्यंत ओढला, रीळ संपेस्तोवर. शेवटची दीड वीत पट्टा करडा होता, कडेने डागाची वळणदार रेघ, आणि घड्यांत तोच गाळ. पट्टा गुंडाळला जातो तो दाराच्या खांबात तळाशी, जमिनीपासून फारसा वर नाही. तिथवर पाणी चढलं होतं. सीटच्या बैठकीपर्यंत, इंजिनात जाण्याइतकं नाही. म्हणून इंजिन ठणठणीत.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा मी नंतरचे काही आठवडे तिथेच काम करत होतो. अशा रिळांचे पट्टे शेकड्यांनी ओढले आहेत. गाडी रत्नागिरी पासिंग, पुरानंतर आठ महिन्यांनी जिल्हा बदलून विक्रीला आलेली, सीट कव्हर नवं, सुगंध नवा. तरीही ती चिपळूणचीच असं मी अहवालात लिहिलं नसतं. पाणी सीटपर्यंत होतं एवढंच लिहिलं असतं.

एक प्रश्न उरला होता. पूर 2021 चा असेल तर 2022 च्या सप्टेंबरात नमदा ओला कसा? त्याचं उत्तर पुरात नव्हतं. वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी काढली तर आत फणसाची पानं कुजून काळा लगदा झाला होता. काचेवरचं पाणी त्या पन्हळीतून दोन्ही बाजूंच्या नळ्यांनी खाली जातं. डावी नळी लगद्याने बंद होती. पाणी पन्हळीत तुंबून डाव्या पायाशी आत उतरत होतं, आणि अंगणाला उतार असल्याने, गाडीचं तोंड वर, चटईखालून थेट मागे अर्थाच्या बोल्टपाशी जाऊन थांबत होतं. गाडी फणसाखाली लावायची कल्पना मास्तरांची, सावलीसाठी. म्हणजे अर्धा दोष विकत आणलेला आणि अर्धा घरचा. मास्तरांनी ते ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा हसले.

कामाचा क्रम असा ठरला. अर्थाचा बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून वायर कसली, वरून पेट्रोलियम जेली. आधी कसायचं आणि मग जेली, उलटं केलं तर जेलीच आड येते. शिवाय पंपासाठी स्वतंत्र अर्थाची वायर वेगळ्या बोल्टला दिली. डाव्या पायापाशी असलेल्या कपलरमधल्या, म्हणजे वायरींच्या जोडातल्या, सात पिना हिरव्या झाल्या होत्या. कपलर साफ न करता कापून वायरी सोल्डर केल्या आणि वरून आकसणारी नळी चढवली. मला हे फारसं आवडत नाही, पुढे वायरिंग सोडवायची वेळ आली तर त्रास होतो, पण नवा कपलर मिळायला पंधरा दिवस लागले असते. नमदा टाकून दिला. चटई धुऊन चार दिवस वाळवली. हे सगळं 8,500 रुपयांत झालं, मजुरीसकट.

मग गाडी उचलून खाली पाहिली. इथे दुसरा मोठा निर्णय होता, कारण बंद पडणारी गाडी रस्त्याकडेला उभी राहते, सडलेली तशी राहत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने उंबऱ्याचा पत्रा ठोकत गेलो. उजवीकडे टणटण. डावीकडे पुढच्या चाकामागे बद्द आवाज. चुंबक लावला, चिकटला नाही. पत्र्याच्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला होता. जॅक लावायची जागा हाताने दाबली तर पापडासारखी आत गेली. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर पोपडे आले होते. लोअर आर्म आणि मागचा अॅक्सल जिथे बसतो ते पत्रे मात्र शाबूत होते. ते सडलेले असते तर मी मास्तरांना भंगाराचा सल्ला दिला असता, आणि तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

डेंटरने सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, झिंक प्रायमर, रंग, 14 हजार. ब्रेकच्या नळ्या आणि नवं ब्रेक ऑइल, 4,200. डेंटरने वरून काळं डांबरी अंडरकोटिंग सगळीकडे मारून देतो म्हटलं. ते नको म्हणालो. गंजावर जाड थर दिला की आतला ओलावा आतच राहतो आणि बाहेरून सगळं छान दिसतं. जळकं ऑइल फवारायची आपल्याकडे पद्धत आहे, त्याने पत्रा टिकतो, पण रबरी बुश फुगून मऊ पडतात. शेवटी उंबऱ्याच्या पोकळीत मेणाचा फवारा दिला आणि पाणी जायची भोकं मोकळी केली. ती भोकं लाल चिखलाने इतकी लिंपली होती की डेंटरला ती असतात हेच आधी दिसलं नाही.

गाडी तयार झाली तरी आईंना तीत बसवलं नाही. हा मास्तरांचा स्वतःचा निर्णय, आणि मला तो या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. मागच्या वेळी सहा आठवड्यांच्या सुधारणेने फसवलं होतं. म्हणून ठरवलं की सहाशे किलोमीटर रिकामी चालवायची, त्यातले निम्मे तरी पावसात आणि अंधारात, चढाचे रस्ते शोधून. तोवर सहा फेऱ्या भाड्याच्या गाडीने, 8,400 रुपये. दर रविवारी वायरमनने शिकवल्याप्रमाणे मीटर लावून आकडा वहीत. पहिल्या रविवारी 0.05, तिसऱ्या रविवारी 0.05. परतीच्या पावसात फोंडा घाट चढून-उतरून आल्यावर पुन्हा मोजलं, तेवढंच.

निष्पत्ती

ऑक्टोबर 2022 च्या दुसऱ्या सोमवारी आई पुन्हा त्या गाडीत बसल्या. तेव्हापासून नोव्हेंबर 2024 मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपेपर्यंत गाडी चढाला एकदाही बंद पडली नाही. एप्रिल 2024 मध्ये रेडिएटरच्या पंख्याची मोटर गेली आणि एक फेरी चुकली, पण त्याआधी आठवडाभर तापमानाचा काटा वर चढताना मास्तरांनी पाहिला होता.

पुनर्नोंदणीचं ठरवायची वेळ आली तेव्हा पुन्हा वही निघाली. खासगी कारला पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासून पाच वर्षांची मुदत मिळते. 1 एप्रिल 2022 पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, पर्यावरण कर वेगळा. गाडी पहिल्या खेपेला हँडब्रेकमुळे नापास झाली, केबल बदलून दुसऱ्यांदा गेली आणि पास झाली. आता 2029 पर्यंत कागद आहे. पत्रा तोवर टिकेल असं मी मास्तरांना सांगितलेलं नाही. दर मे महिन्यात उंबरा ठोकून पाहायचा, असं सांगितलं आहे.

खर्चाची बेरीज: चुकीच्या निदानावर 14,500, बरोबर कामावर 26,700, मधल्या भाड्यावर 8,400. किंमत धरून 1,84,600. भाड्याची गाडीच चालू ठेवली असती तर एवढे पैसे सोळा-सतरा महिन्यांत गेले असते. पेट्रोल आणि विमा यात धरलेला नाही, तो धरला की अंतर कमी होतं. हे मास्तरांनीच दाखवून दिलं.

पुन्हा करायचं झालं तर

घेतानाची तपासणी मी वेगळ्या क्रमाने करेन. आधी पट्टा पूर्ण ओढायचा, मग चटईचा कोपरा उचलायचा, मग स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालायचा, मग चुंबक. याला दहा मिनिटं लागतात. एवढं झाल्यावर बॉनेट उघडायचं. आणि जमलं तर किनाऱ्यावर वापरायची गाडी पावसात बघायची. भाव तेव्हा कमी असतो आणि विकणाऱ्याला काही लपवायचं तर झाकायला ऊन नसतं.

पंप बदलल्यावर प्रेशर पुन्हा मोजायला हवं होतं, आणि जुन्या पंपाला थेट बॅटरीची वायर देऊन तो खरंच मेलाय का हेही पाहायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम. जुना पंप मास्तरांकडे आहे. वायरमनने तो अंगणातच बॅटरीला जोडून दाखवला, नव्यासारखा घरघरला.

एजंटाचं काय झालं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. काही झालं नाही. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता घ्यावी लागते आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंदही करावी लागते. मास्तरांचा सौदा त्याआधीचा. मी तेव्हा त्यांना तक्रारीचा आग्रह केला नाही, कारण पुराव्याची साखळी तीन गॅरेजांनी तोडलेली होती. आज वाटतं, गाळाचे आणि पट्ट्याचे फोटो तारखेसह काढून एजंटाला रजिस्टर्ड पत्र तरी पाठवायला हवं होतं. फोटो मी काढले होते, माझ्या फोनमध्ये. पत्राचं त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही, सगळे फणसाची पानं काढत होतो.

फणस अजून आहे. गाडी आता पडवीच्या बाजूला, वर पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या अशा शेडमध्ये असते. आधी मास्तरांनी ताडपत्री आणली होती. ती अंगाला घट्ट बसते आणि खाली घाम धरते, म्हणून परत पाठवली. 2025 मध्ये पंपांवर सर्रास वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यावर त्यांनी टाकीपासूनच्या रबरी नळ्या बदलून घेतल्या, एक आधीच तडकलेली निघाली. मुलगी आता मोठी झाली आहे. बेडं तीच उघडते आणि दिवे अजून बघते.